परतलेला सैनिक आणि न ऐकलेले युद्ध : काही इंग्रजी कथात्म कृतींच्या निमित्ताने

इंग्रजी विषयाच्या पदव्युत्तर वर्गात व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) ही कादंबरी शिकविली जाते तेव्हा सेप्टिमस वॉरेन स्मिथ या पात्रासंबंधीचे विवेचन बहुधा एका ठरावीक वाटेने जाते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या या तरुणाला मृत मित्र दिसतो, पक्ष्यांचे बोलणे ऐकू येते, त्याच्या भावना गोठल्या आहेत, त्याला सतत अपराधी वाटते आणि शेवटी तो आत्महत्या करतो. ही लक्षणे एकाखाली एक मांडली जातात, त्यांच्यापुढे ‘आघातोत्तर ताण विकार’ अथवा ‘पी.टी.एस.डी.’ असे निदान लिहिले जाते आणि विवेचन संपते. प्रबंधिकांत, चर्चासत्रांतील निबंधांत आणि उत्तरपत्रिकांत हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही उणे आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. निदान चुकीचे आहे असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु डॉक्टरला निदानानंतर उपचार करावयाचा असतो. समीक्षकाचे काम निदानाशीच संपत असेल तर त्याने पात्राला रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचविले आणि तो घरी परतला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या ज्या कथा विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्याने दिल्या, त्यांतील मध्यवर्ती पेच सैनिकाच्या स्मृतीचा आहे, त्याहून अधिक तो त्याच्या श्रोत्याचा आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. सैनिकाला काय आठवते, हा प्रश्न आपण विचारतो. त्याचे ऐकावयाला कोण बसले होते, त्याने काय ऐकावयाचे ठरविले होते आणि कोणत्या शब्दावर त्याने कान मिटले, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वास्तविक या कृतींत त्यांचीच उत्तरे अधिक तपशिलाने दिलेली आहेत.

ज्या संज्ञेचा आपण इतका सढळ वापर करतो तिचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला तेव्हा सैनिकाच्या विकाराचे कारण तोफगोळ्याच्या धक्क्यात शोधले जात होते. पुढे ब्रिटिश युद्धखात्यालाच तो शब्द गैरसोयीचा वाटू लागला आणि १९२२ मधील चौकशी समितीने तो टाळावा असे सुचविले. अमेरिकेत १९५२ च्या मानसविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला स्थान होते. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, ते वगळले गेले. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आजचे नाव आले. मधल्या काळात घडले ते असे : १९७० पासून न्यूयॉर्क येथे व्हिएतनामहून परतलेल्या युद्धविरोधी सैनिकांनी आपापसांत बसून बोलण्याचे गट सुरू केले आणि चेम शॅटन, रॉबर्ट लिफ्टन यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ त्यांत येऊन बसले. तेथे डॉक्टर खुर्चीवर आणि रुग्ण समोर अशी मांडणी नव्हती. सैनिक सैनिकाचे ऐकत होता आणि तज्ज्ञही ऐकणाऱ्यांतच होता. म्हणजे ही संज्ञा ऐकण्याच्या एका अपूर्व प्रयोगातून जन्माला आली. तीच संज्ञा वापरून आपण पात्राचे ऐकणे थांबवावे, हे काहीसे विपरीत आहे.

येथे आघात-सिद्धांताचाही विचार केला पाहिजे. कॅथी कॅरूथ यांच्या ‘अनक्लेम्ड एक्स्पीरियन्स’ (१९९६) या ग्रंथानंतर आघात म्हणजे भाषेच्या पलीकडचा, घडतेवेळी पूर्णतः अनुभवालाच न आलेला आणि म्हणून सरळ सांगता न येणारा अनुभव, ही कल्पना आपल्याकडेही चांगलीच प्रस्थापित झाली. या कल्पनेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. खंडित निवेदन, पुनरावृत्ती, काळाची सरमिसळ यांचे स्पष्टीकरण तिने दिले. परंतु ‘अवाच्य’ हा शब्द श्रोत्याला फार सोयीचा आहे. जे सांगताच येत नाही ते ऐकण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. पुढे ज्या कृतींचा विचार केला आहे, त्यांतील सैनिकांना बोलता येते. काही वेळा तर ते बोलण्यासाठी धडपडतात. त्यांचे युद्ध अवाच्य असण्यापेक्षा अश्रुत आहे. व्हिएतनामच्या सैनिकांवर बॉस्टन येथे उपचार करणारे जोनाथन शे यांनी ‘अकिलीज इन व्हिएतनाम’ (१९९४) मध्ये बरे होण्यासाठी ऐकणाऱ्या समूहाची आवश्यकता सांगितली आहे. त्यांचा विचार उपचाराचा आहे. येथे तो वाचनाच्या अंगाने पुढे नेण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम सेप्टिमसकडेच वळू. कादंबरीचा काळ जून १९२३ मधील एक दिवस आहे. युद्ध संपून साडेचार वर्षे होत आली आहेत आणि लंडनच्या प्रतिष्ठित वस्तीत ते संपलेच आहे असे सर्वांनी धरले आहे. सेप्टिमस पहिल्या स्वयंसेवकांपैकी एक. शेक्सपिअर आणि त्याला शेक्सपिअर शिकविणारी एक बाई, एवढाच त्याचा इंग्लंड होता व त्यासाठी तो लढावयाला गेला. त्याचा अधिकारी व मित्र इव्हान्स युद्धबंदीच्या थोडेच आधी इटलीत मारला गेला. त्या वेळी आपल्याला फारसे काही वाटले नाही याचे सेप्टिमसने स्वतःशीच कौतुक केले होते. आता तेच न वाटणे त्याला अपराधासारखे छळते.

या माणसाचे ऐकावयाला दोन डॉक्टर आहेत. डॉ. होम्स यांना त्याला काही झाले आहे असेच वाटत नाही. खाणेपिणे, करमणूक, एखादा छंद, एवढ्याने ते बरे होईल असा त्यांचा विश्वास आहे. आपल्याकडील कोणत्याही कुटुंबात असा एखादा हितचिंतक वडीलधारा असतोच. त्यांच्यापेक्षा विशेषज्ञ सर विल्यम ब्रॅडशॉ अधिक भयंकर आहेत, कारण ते चुकत नाहीत. प्रकृती अत्यंत गंभीर आहे हे त्यांना दोनतीन मिनिटांतच कळते. रुग्णाला ते पाऊण तास देतात. पण निदान झाल्यावर उरलेल्या वेळात ऐकण्यासारखे त्यांच्या दृष्टीने काही राहिलेले नसते. वुल्फ यांनी येथे जो तपशील टिपला आहे तो फार महत्त्वाचा आहे. सेप्टिमस स्वतःविषयी काही कबूल करू पाहतो आणि ‘मी’ या शब्दावरच अडखळतो. ब्रॅडशॉ त्याला स्वतःचा विचार शक्य तितका कमी करण्याचा सल्ला देतात. वाक्याचा कर्ताच काढून घेतल्यावर वाक्य पुरे कसे व्हावे? जो डॉक्टर अचूक निदान करतो तोच येथे सर्वांत कमी ऐकतो. सेप्टिमसला निदान देऊन थांबणाऱ्या आपल्या वर्गातील विवेचनाची जागा या खोलीत नेमकी कोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा श्रोता मात्र समीक्षेने बराच दुर्लक्षिला आहे. सेप्टिमसची पत्नी लुक्रेझिया ही मिलानची, टोप्या बनविणारी मुलगी. इंग्रजी तिची मातृभाषा नाही. ती भांबावते, चिडते, हा असा का वागतो म्हणून रडते. तरीही तो जे काही असंबद्ध बोलतो ते तिने कागदावर उतरवून घेतले आहे. तो ते कागद जाळावयास सांगतो तेव्हा ती ते रेशमी फितीने बांधून ठेवावयाचे ठरविते, कारण त्यांतील काही तिला सुंदर वाटतात. त्याच दुपारी दोघे मिळून एका टोपीची सजावट करतात, हसतात आणि काही क्षण तो अगदी जुना सेप्टिमस असतो. लगेच होम्स जिना चढून येतात. सेप्टिमस खिडकीतून खालच्या लोखंडी कुंपणावर उडी घेतो आणि डॉक्टर त्याला भेकड ठरवून मोकळे होतात. त्याला ऐकणारे माणूस मिळालेच नाही, हा निष्कर्ष म्हणून पुरता खरा नाही. मिळाले होते. ते परदेशी, गरीब आणि स्त्री होते, म्हणून त्याच्या ऐकण्याला कोणताही अधिकार नव्हता आणि डॉक्टरला दारात अडविण्याची तिची शक्ती अपुरी पडली.

संध्याकाळच्या मेजवानीत क्लॅरिसा डॅलोवे हिला या मृत्यूची बातमी कळते व ती एकटी खोलीत जाऊन त्या अनोळखी तरुणाशी मनोमन एकरूप होते, या प्रसंगाला कादंबरीचा उत्कर्षबिंदू मानण्याची पद्धत आहे. कलादृष्ट्या तो आहेही. परंतु क्लॅरिसाने सेप्टिमसचा एकही शब्द ऐकलेला नाही. तिची समज मेलेल्या माणसाविषयीची आहे. तिला त्याच्या बोलण्याची झळ लागत नाही. त्याच मेजवानीत ब्रॅडशॉ क्लॅरिसाच्या पतीशी शेल शॉकच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांची विधेयकात तरतूद करण्याविषयी बोलत असतात. वुल्फ यांचा उपरोध तेथे अधिक धारदार आहे, असे मला वाटते.

ऐकणारा डॉक्टर त्या काळी नव्हताच, असे मात्र नाही. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातील डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी सैनिकाने युद्धाच्या आठवणी मनाबाहेर लोटाव्यात या प्रचलित उपदेशाविरुद्ध १९१७-१८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. कवी सिगफ्रीड ससून हे त्यांचे रुग्ण होते. रिव्हर्स हे मूळचे मानववंशशास्त्राचेही अभ्यासक. निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ १९०६ चा आहे. परक्या माणसासमोर बसून त्याने सांगितलेले त्याच्याच क्रमाने टिपून घ्यावयाची सवय त्यांना तेथे लागली असेल काय, असा विचार मनात येतो. अर्थात हा केवळ तर्क आहे. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांसाठीचे रुग्णालय होते. सामान्य शिपायांत वाचा जाण्याचे प्रमाण मोठे होते आणि लंडनमध्ये लुईस येलँड यांनी त्यांच्यावर विजेच्या धक्क्यांचा उपचार केला. शिपायाला बोलते करावयाचे होते. तो काय बोलतो याच्याशी उपचाराचा संबंध नव्हता. पॅट बार्कर यांनी ‘रिजनरेशन’ (१९९१) या कादंबरीत रिव्हर्सना येलँडच्या खोलीत नेऊन हा उपचार पाहावयास लावले आहे. ती सगळी कादंबरी त्या एका प्रकरणासाठी वाचावी.

हेमिंग्वे यांची ‘सोल्जर्स होम’ ही कथा १९२५ च्या ‘इन अवर टाइम’ या संग्रहात आहे, म्हणजे ‘मिसेस डॅलोवे’चीच समकालीन. हॅरल्ड क्रेब्ज १९१९ च्या उन्हाळ्यात गावी परततो तेव्हा स्वागताचे सोहळे आटोपलेले असतात आणि गावाने युद्धाच्या इतक्या भडक कहाण्या ऐकलेल्या असतात की त्याच्या खऱ्या अनुभवात कोणाला रस वाटत नाही. ऐकले जावे म्हणून त्याला खोटे बोलावे लागते. हे खोटेही फार मोठे नसते; इतरांनी केलेले पाहिलेले स्वतःच्या नावावर सांगणे, एवढेच. पण त्यामुळे युद्धात जे थोडे त्याला स्वच्छ आणि मोलाचे वाटत होते तेही नासते. हेमिंग्वे यांनी हे दीड पानांत सांगून टाकले आहे. पुढे न्याहारीच्या टेबलाशी आई प्रेमाची व प्रार्थनेची मागणी करते आणि मुलगा ताटलीतील गोठत चाललेल्या चरबीकडे पाहत राहतो. क्रेब्जला कोणताही विकार चिकटविता येईल; पण त्याचे बिघडले ते श्रोत्यांच्या आवडीनिवडीमुळे, हे कथा स्वच्छपणे सांगते.

या कथेची पुढची पायरी टिम ओब्रायन यांच्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’ (१९९०) मधील ‘स्पीकिंग ऑफ करेज’ या कथेत दिसते. चार जुलैची संध्याकाळ, आयोवा राज्यातील एक छोटे गाव, मध्ये तळे. व्हिएतनामहून परतलेला नॉर्मन बोकर वडिलांची मोटार घेऊन तळ्याभोवती फेऱ्या मारतो आहे. त्याच्याकडे सात पदके आहेत. त्याला सांगावयाचे आहे ते आठव्याविषयी, न मिळालेल्या पदकाविषयी. पावसात नदीकाठच्या ज्या शेतात त्यांनी तळ दिला ते गावाचे मलविसर्जनाचे रान निघाले. रात्री मारा झाला आणि त्या घाणीत बुडणाऱ्या कायोवा या सोबत्याचे पाऊल नॉर्मनच्या हातात आले असताना दुर्गंधी असह्य होऊन त्याने ते सोडले.

ही हकीकत नॉर्मनच्या मनात पूर्ण तयार आहे. तिला आरंभ, मध्य, शेवट आहे. श्रोत्याप्रमाणे ती कशी सांगावी याचाही त्याने विचार केलेला आहे. जुनी मैत्रीण सॅली हिचे आता लग्न झाले आहे. तिला सांगितली असती तर त्या शेताचे नाव घेतल्याबरोबर तिने नाक मुरडले असते, कारण तो शब्द तिला सोसला नसता. मित्र मॅक्स ऐकू शकला असता, पण तो त्याच तळ्यात बुडून मेला. वडिलांना सांगता आली असती. पण ते घरी दूरदर्शनवर बेसबॉल पाहत आहेत आणि त्यांचे स्वतःचे युद्ध त्यांनी कधी कोणाला सांगितलेले नाही. अखेर रस्त्याकडेच्या खाद्यगृहात खाण्याची मागणी नोंदविण्यासाठी लावलेल्या ध्वनियंत्रातून आवाज येतो आणि आणखी काय हवे म्हणून विचारतो. संपूर्ण गावात नॉर्मनला आपुलकीने विचारणारा तो एकमेव आवाज आहे आणि तो एका भोंग्यातून येतो. नॉर्मन क्षणभर सांगू पाहतो, मग काही नको म्हणतो.

या कथेत आघाताला ‘अवाच्य’ म्हणणे शक्यच नाही. अडचण एका शब्दाची आहे. ज्या घाणीत कायोवा मेला ती घाण वगळली तर हकीकत खोटी होते आणि ठेवली तर सभ्य घरात सांगता येत नाही. श्रोत्याच्या शिष्टाचाराने सत्यावर घातलेली ही मर्यादा आहे. पुस्तकातील पुढील टिपणात, जे सत्यकथनाचा आव आणत असले तरी कल्पितच आहे, नॉर्मनने निवेदक लेखकाला सतरा पानी पत्र लिहिल्याचे सांगितले आहे. आपली गोष्ट लिहावी अशी त्याची विनंती होती. लेखकाने लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत ते शेत आणि कायोवाच गळले होते आणि नॉर्मनने नेमके तेच विचारले. पुढे १९७८ मध्ये नॉर्मन गळफास घेतो. लेखकही येथे चांगला श्रोता ठरलेला नाही. सहानुभूतीने लिहिणाराही सैनिकाच्या हकीकतीतील अवघड भाग सुबकपणासाठी गाळू शकतो, हा कबुलीजबाब ओब्रायन यांच्या पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

आतापर्यंतची पात्रे आपल्याच देशाच्या, आपल्याच भाषेच्या घरी परतली होती. ज्यांनी राज्यकर्त्यांच्या युद्धात भाग घेतला त्यांच्याबाबतीत ऐकण्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९१४-१५ मध्ये फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांची घरी जाणारी पत्रे तपासण्यासाठी ब्रिटिशांनी खास कार्यालय ठेवले होते. त्या पत्रांचे भाषांतरित उतारे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यांचा एक संग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे या सैनिकांचा पहिला श्रोता परीक्षक होता. सैनिकांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी मिरीसारख्या शब्दांचा सांकेतिक वापर केला. आपल्यापर्यंत त्यांचा जो आवाज पोहोचतो तो बराचसा परीक्षकाने उतरवून घेतला म्हणूनच पोहोचतो, ही यातील विचित्र गोष्ट. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणींचेही शिपाई होते. त्या कैदेतून जे जिवंत गावी परतले त्यांनी माजघरात काय सांगितले, याला मराठी कथा-कादंबरीच्या मुख्य प्रवाहात ठळक स्थान मिळालेले दिसत नाही. पराक्रमासाठी आपल्याकडे पोवाडा आहे. त्याचा श्रोता शौर्य ऐकावयास जमतो आणि शौर्याशी उठतो. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत निवृत्त सैनिकाला, त्याचा हुद्दा कोणताही असो, ‘मेजर’ म्हणण्याची रीत आहे. त्यात आदर आहे यात शंका नाही. मात्र एकदा मेजर म्हटले की त्याने मेजरसारखेच बोलावे, अशी अपेक्षाही त्या संबोधनात असते.

महाभारतातील शांतिपर्वाच्या आरंभी विजयी युधिष्ठिर राज्य नको म्हणतो, तेव्हा भाऊ, द्रौपदी, ऋषी असे सगळे त्याची समजूत घालावयास सरसावतात. शोक करणारा एक आणि बोलणारे अनेक. त्या प्रचंड पर्वाकडे ‘परतलेल्या सैनिकाला केलेला उपदेश’ म्हणून पाहता येईल. शे यांनी होमरचे केले तसे वाचन आपल्या अभ्यासकांनी येथे करून पाहण्यासारखे आहे.

लेस्ली मार्मन सिल्को यांची ‘सेरेमनी’ (१९७७) ही कादंबरी अशाच, राज्यकर्त्यांच्या युद्धात लढलेल्या सैनिकाची आहे. न्यू मेक्सिकोतील लगुना प्युब्लो या आदिवासी वस्तीतला, अर्धा गोरा असलेला टायो दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये लढतो. जपान्यांच्या कैदेतील पायपिटीत त्याचा मावसभाऊ रॉकी मरतो. त्याआधी जपानी कैद्यांवर गोळी झाडण्याचा हुकूम होतो तेव्हा त्यांच्यात त्याला आपल्या जोसाया मामाचा चेहरा दिसतो आणि त्याचे हात चालत नाहीत. जंगलातील अखंड पावसाला त्याने शिव्याशाप दिले होते. परत येऊन पाहतो तो गावी दुष्काळ. हे आपल्यामुळे झाले, असे त्याला वाटते.

लॉस एंजेलिस येथील सैनिकी रुग्णालयात डॉक्टर त्याला सांगतात की, बरे व्हावयाचे असेल तर ‘आम्ही’ असा विचार सोड, फक्त स्वतःचा विचार कर. ब्रॅडशॉ यांचा उपदेश याच्या अगदी उलट होता. लंडनमध्ये ‘मी’ वर बंदी, लॉस एंजेलिसमध्ये ‘आम्ही’ वर. दोन्हीकडे सैनिकाच्या व्याकरणाची दुरुस्ती डॉक्टरच करतो. टायोचा दुष्काळाविषयीचा अपराधभाव डॉक्टरच्या दृष्टीने भ्रम आहे. गावच्या दृष्टीने, जेथे माणसाचे बोलणे आणि पाऊस यांचे नाते धरलेले आहे, तो विचारात घेण्याजोगा जबाब आहे.

गावातही प्रथम त्याला उत्तर मिळत नाही. कूऊश हा म्हातारा वैदू प्रामाणिकपणे ऐकतो. पण शत्रूला मारून आलेल्या योद्ध्यासाठीचा जुना विधी, आपण कोणाला मारले हे ज्याला कळतही नाही अशा दूरवरून चालणाऱ्या युद्धाला पुरत नाही. दुसरीकडे दारूच्या गुत्त्यात परतलेल्या सैनिकांची बैठक रोज भरते. तेथे बोलणे भरपूर आहे. गणवेशात असताना गोऱ्या मुलींनी दिलेला मान, शहरांतील मौज, हे पुन्हा पुन्हा एखाद्या मंत्रासारखे म्हटले जाते. इमो नावाचा सैनिक मेलेल्या जपानी सैनिकाचे दात तंबाखूच्या पिशवीत घालून खुळखुळवितो. सांगितले म्हणजे मन मोकळे होते, या सुलभ समजुतीला हे उत्तर आहे. गुत्त्यातले श्रोते क्रेब्जच्या गावासारखेच आहेत. हवे ते ऐकतात आणि सांगणाऱ्याला त्याच जागी खिळवून ठेवतात. त्याची अखेर हत्येत होते.

गॅलप शहराच्या कडेला टेकडीवर राहणारा बेटोनी हा वैदू वेगळा आहे. त्याच्या झोपडीत वनस्पतींबरोबर जुन्या दिनदर्शिका व दूरध्वनीच्या पुस्तकांचे ढीग आहेत. बदलत्या काळात विधीही बदलला पाहिजे, असे तो मानतो. जपानी सैनिकात मामा दिसला, हे टायो त्याला सांगतो तेव्हा तो त्याला वेडा ठरवीत नाही. हजारो वर्षांपूर्वी ते परके नव्हते, असे तो सांगतो. रुग्णालयात जे लक्षण होते ते येथे ज्ञान ठरते. कादंबरी टायोला बरे करण्यासाठी त्याची स्मृती पुसत नाही. ती त्या स्मृतीला जमातीच्या कथेत, दुष्काळात, हरवलेल्या ठिपकेदार गुरांत आणि शेवटी गावच्या जमिनीतून काढलेल्या युरेनियममध्ये जागा देते. लगुनाच्या परिसरात युरेनियमची खाण होती आणि पहिला अणुस्फोट १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोतच झाला. टायोला पडणारा प्रश्न वेडाचा नव्हता, हे त्याला त्या खाणीपाशी उमगते.

या कादंबरीविषयी एक गंभीर आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे, कारण तो आपल्यासारख्या अध्यापकांना लागू होतो. लगुना परंपरेतल्याच समीक्षक पॉला गन ॲलन यांनी १९९० मध्ये ही कादंबरी शिकविण्यातील अडचणींविषयी लिहिताना म्हटले की, सिल्को यांनी वापरलेल्या काही कथा जमातीबाहेर सांगण्याच्या नाहीत. म्हणजे ऐकणारा हवा हे जितके खरे, तितकाच प्रत्येकाला ऐकण्याचा अधिकार असतो काय हा प्रश्नही खरा. माझ्या मते या आक्षेपाचे पूर्ण समाधान कादंबरीत नाही. वर्गात ‘सेरेमनी’ शिकविताना तो आक्षेप झाकून ठेवणे हा मात्र दुसऱ्या प्रकारचा बहिरेपणा ठरेल.

कादंबरीच्या अखेरीस गावचे वृद्ध टायोला आपल्या विधिगृहात बोलावतात आणि सांग म्हणतात. सांगावयाला फार वेळ लागतो, कारण ते सारखे थांबवून विचारतात : कोणत्या जागी, दिवसाच्या कोणत्या वेळी, ती स्त्री कोणत्या दिशेने आली, तिच्या डोळ्यांचा रंग कोणता. एकही प्रश्न तुला काय वाटले असा नाही. ब्रॅडशॉ यांना दोनतीन मिनिटे पुरली होती. येथे दिशा आणि रंग नीट कळल्याशिवाय कोणाचे मत बनत नाही. नंतर इमोची बातमी घरी येते तेव्हा टायोची आंधळी म्हातारी आजी कंटाळल्यासारखी म्हणते की, आताशा या गोष्टींनी पूर्वीसारखे काही वाटत नाही. या सगळ्या आधी ऐकल्यासारख्याच वाटतात, फक्त नावे तेवढी वेगळी.